इलेक्ट्रोडचे दात

सकाळी साडेदहाच्या सुमारास मी प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी उभा राहून इलेक्ट्रोडचे दात घासत होतो. मऊ ब्रश, त्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट, हात हलका. तेवढ्यात आमच्याकडे चहापाणी बघणारे मामा चहा घेऊन आले. त्यांनी कप टेबलावर ठेवला, तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात नेला आणि बराच वेळ बघून झाल्यावर विचारलं, "सर, याचे दात काहून घासून राह्यले तुमी?"

मामांनी या प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा जास्त पावसाळे काढलेत. बीकरमध्ये मॅगी शिजवणारे ट्रेनी त्यांनी पाहिलेत. पिपेट समजून थर्मामीटर तोंडाशी नेणारा मी त्यांनी पाहिलाय. पण एक शिकलासवरलेला माणूस काळ्या नळीच्या बुडाला स्वतःच्या दातांपेक्षा महागाची पेस्ट लावतो आणि वर तिला चूळ भरायला लावतो, हे त्यांनाही नवीन होतं.

आता यात माझी चूक काही नाही. फ्लोराइड मोजायच्या या इलेक्ट्रोडबरोबर जे माहितीपत्रक येतं त्यातच लिहिलेलं असतं की, आकडा स्थिर व्हायला वेळ लागू लागला तर टोकाचा स्फटिक फ्लोराइडवाल्या टूथपेस्टनं घासावा आणि भरपूर पाण्यानं धुवावा. पेस्टमधली बारीक पूड स्फटिकावरचं पुट काढते, आणि पेस्टमध्ये फ्लोराइड असल्यामुळे स्फटिकाला परकं कोणी अंगाला लागल्यासारखं वाटत नाही. दंतवैद्य आपल्याला जन्मभर जे सांगून थकतात ते हा इलेक्ट्रोड निमूटपणे करून घेतो. मी मामांना हे समजावलं. मामा म्हणाले, "मंग याले रात्री पन घासाले लागते का?"

आमची प्रयोगशाळा नागपुरातली, लहानशी. काम मुख्यतः पाण्याचं आणि त्यातही बोअरच्या पाण्याचं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. म्हणजे एका लिटरमध्ये मिठाच्या चार-दोन खड्यांएवढी ती चीज, आणि त्यातही १.४ असेल तर पास, १.६ असेल तर नापास. हे ठरवायला आमच्याकडे ही काळी नळी आहे, म्हणून तिची इतकी बडदास्त.

नळीच्या बुडाशी लँथनम फ्लोराइडचा एक अखंड स्फटिक बसवलेला असतो. दिसायला शर्टाच्या काचेच्या गुंडीसारखा. त्यात अगदी थोडं युरोपियम मुद्दाम मिसळलेलं असतं, कारण युरोपियम शिरलं की स्फटिकातली फ्लोराइडची एखादी जागा रिकामी राहते. पुढचं सगळं एसटीत चालतं तसं. खच्चून भरलेल्या गाडीत एक सीट रिकामी झाली की शेजारचा सरकून तिथे बसतो, त्याच्या जागी मागचा, त्याच्या जागी त्याच्या मागचा. कोणी फार लांब जात नाही, पण रिकामी सीट मात्र ड्रायव्हरपासून मागच्या खिडकीपर्यंत फिरून येते. स्फटिकातून वीज जाते ती अशी, सरकासरकीनं. आणि या गाडीत फक्त फ्लोराइडलाच चढू देतात. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट वगैरे मंडळी स्टँडवर कितीही गर्दी करोत, त्यांच्यासाठी दार उघडत नाही.

एक घुसखोर मात्र आहे. हायड्रॉक्साइड. तो फ्लोराइडच्याच अंगापिंडाचा, भारही तेवढाच. पाणी अल्कधर्मी झालं की हा दुसऱ्याचा पास दाखवून आत शिरतो आणि कंडक्टरला पत्ता लागत नाही. बरं, म्हणून पाणी आम्लधर्मी करावं तर फ्लोराइड हायड्रोजनचा हात धरून बसतं, आणि जोडीनं आलेल्यांना या गाडीत घेत नाहीत. तेव्हा पीएच ५ ते ५.५ च्या अरुंद बोळातूनच चालावं लागतं.

अमेरिकेत ओरियन रिसर्च नावाच्या कंपनीतल्या मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस या दोघांनी १९६६ मध्ये हा इलेक्ट्रोड जगापुढे आणला. त्याआधी फ्लोराइड मोजायचं म्हणजे १९३३ ची विलर्ड आणि विंटर यांची पद्धत. नमुना तीव्र आम्लात घालून ऊर्ध्वपातन करायचं, निघालेल्या पाण्यात अलिझरिनचा रंग टाकायचा आणि थोरियम नायट्रेटनं टायट्रेशन करायचं. पिवळ्याचा गुलाबी झाला की थांबायचं. एमएस्सीला असताना हा प्रयोग आम्ही एकदाच केला. चौघांच्या गटात एकाला तो गुलाबी आधीच झालेला दिसत होता, एकाला अजून व्हायचा होता, आणि गटातल्या दोघी मुली त्याला अनुक्रमे अबोली आणि मोतिया म्हणत होत्या. शेवटी चौघांचं उत्तर चार प्रकारचं आलं. सरांनी त्याची सरासरी काढायला लावली, आणि सरासरी कोणालाच दिसलेली नव्हती अशा रंगाची निघाली. फ्रँट आणि रॉस यांचे उपकार मी तेव्हापासून मानतो.

पण उपकार मानले तरी नवा पाहुणा साधा नाही. त्याच्या पहिल्या विक्षिप्तपणाचं नाव नर्न्स्टचं समीकरण. फ्लोराइड दहापट वाढलं की मीटरवरचा आकडा साधारण ५९ मिलिव्होल्टनी खाली उतरतो. वाढत नाही, उतरतो. उत्पन्नाच्या दाखल्यासारखं आहे हे: आत जितकं जास्त, कागदावर तितकं कमी. नवीन ट्रेनी पहिले पंधरा दिवस सगळे चांगले नमुने नापास करतात आणि नापास नमुन्यांना शाबासकी देतात.

दुसरं म्हणजे ते ५९ हे २५ अंश सेल्सियसचं. आता नागपुरात मे महिन्यात २५ अंश कोणी पाहिलंय? ४५ अंशांना तोच उतार ६३ वर जातो. म्हणून नमुना आणि ज्याच्याशी तो ताडून पाहायचा ते माहीत प्रमाणाचं द्रावण, म्हणजे स्टँडर्ड, एकाच तापमानाला हवेत. एसटीच्या टपावरून तापत आलेली बाटली आल्याआल्या तपासायची नाही, तिला आधी दोन तास बसवायचं, पंख्याखाली, पाहुण्याला बसवतात तसं. शिवाय ढवळायला जो चुंबकी स्टरर असतो त्याची मोटर तापते आणि बीकरचं बूड गरम करते. मग बीकरखाली थर्मोकोलचा तुकडा. हा तुकडा रजिस्टर सांभाळणाऱ्या आमच्या मॅडमच्या मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातून उरलेला आहे आणि त्यावर अजून 'पाणी वाचवा' एवढं वाचता येतं.

तिसरं, बुडबुडा. स्फटिकाच्या खाली तांदळाच्या कणीएवढा हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा भरकटतो. म्हणून इलेक्ट्रोड सरळ न धरता जरा तिरका धरायचा, आणि अधूनमधून टिचकी मारायची.

चौथं, माणसं. या इलेक्ट्रोडचा अंतर्गत विद्युतरोध इतका मोठा असतो की केबलजवळून हात नेला तरी मीटर थरथरतो. हिवाळ्यात हवा कोरडी असताना मॅडम नायलॉनची साडी नेसून बाजूनं गेल्या की ३ मिलिव्होल्ट इकडेतिकडे. मी त्यांना एकदा फार नम्रपणे विचारलं की फ्लोराइडच्या दिवशी सुती साडी नेसता येईल का. त्यांनी जे उत्तर दिलं त्यातून मीटर सावरला, मी नाही.

आता हे १-३ मिलिव्होल्ट म्हणजे काय एवढं, असं कोणी म्हणेल. तर १ मिलिव्होल्टची चूक म्हणजे फ्लोराइडमध्ये जवळजवळ ४ टक्क्यांची चूक. खरं १.५ असेल तर १ मिलिव्होल्ट इकडे झाला की १.४४, तिकडे झाला की १.५६. एका गावाचं पाणी पास की नापास हे नायलॉनवर ठरायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

या सगळ्या रुसव्याफुगव्यांवर एक मसाला आहे, त्याला टिसॅब म्हणतात. एका लिटरला ५७ मिलिलिटर ॲसेटिक आम्ल, ५८ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम सीडीटीए, वर कॉस्टिक घालून पीएच जुळवायचा. व्हिनेगर आणि मीठ, म्हणजे पाककृती जवळपास लोणच्याची आणि वास चायनीजच्या गाडीचा. नमुना निम्मा, टिसॅब निम्मा. मिठानं सगळ्याच बीकरांतली क्षारांची गर्दी सारखी होते, आम्लानं पीएच त्या अरुंद बोळात येतो, आणि सीडीटीए फार मोलाचं काम करतं. पाण्यात ॲल्युमिनियम किंवा लोह असलं तर ते फ्लोराइडला मिठी मारून बसतं. मिठीतलं फ्लोराइड इलेक्ट्रोडला दिसत नाही. सीडीटीए त्या ॲल्युमिनियमला स्वतःच्या मिठीत ओढतं आणि फ्लोराइड मोकळं होतं. ॲल्युमिनियमच्या याच प्रेमाचा सरळ उपयोगही आहे. नागपूरच्याच नीरी या संस्थेनं नलगोंडा पद्धत काढली, ती म्हणजे फ्लोराइडच्या पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं. तुरटीतून सुटणारं ॲल्युमिनियम फ्लोराइडला पकडून तळाशी घेऊन बसतं. तेव्हा असं पाणी तपासायला आलं की टिसॅब विसरून चालत नाही. विसरलं तर तुरटीचा करिष्मा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

तर असं सगळं सांभाळून आम्ही सुखानं मोजत होतो. आणि मग ऑडिटर आले.

ऑडिटर हा अतिशय शांत माणूस असतो. तो रागावत नाही. तो फक्त विचारतो. त्यांनी आमचं रजिस्टर पाहिलं, इलेक्ट्रोडचा उतार पाहिला, समाधानानं मान हलवली आणि पेन टोपणात घालता घालता विचारलं, "हे जे १०० मिलिग्रॅमचं स्टँडर्ड तुम्ही बनवता, ते १००च आहे हे कशावरून?"

मी म्हटलं, "२२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड वाळवून एका लिटरमध्ये विरघळवतो."

"आणि ते सोडियम फ्लोराइड शुद्ध आहे हे कशावरून?"

मी बाटलीकडे पाहिलं. बाटली जुनी होती. लेबलवर शुद्धता छापली होती, पण त्याच्या बाजूला कोणीतरी कधीतरी चहाचा कप ठेवल्याची गोल खूण होती आणि ती शुद्धतेच्या टक्क्यांवरूनच गेली होती.

प्रमाणपत्र असलेलं तयार स्टँडर्ड मागवणं हा सोपा मार्ग, आणि आम्ही ते मागवलंही. पण ते येईपर्यंत जुन्याचा सोक्षमोक्ष लावायचं मी मनावर घेतलं, आणि त्यासाठी टायट्रेशन करायचं ठरवलं. इथे इलेक्ट्रोडला वेगळं काम मिळतं. एरवी आपण त्याला विचारतो, किती? आणि तो १ मिलिव्होल्ट चुकला की आपण ४ टक्के बुडालो. टायट्रेशनमध्ये त्याला 'किती' विचारायचंच नाही. फ्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब लँथनम नायट्रेट टाकत जायचं. लँथनम फ्लोराइडला धरून गाळ बनवतं, एका लँथनमला तीन फ्लोराइड. फ्लोराइड संपत आलं की मीटरवरचा आकडा एकदम उडी मारतो. ती उडी कितव्या मिलिलिटरला आली तेवढं लिहायचं. आकडा स्वतः खरा की खोटा, त्याचं आपल्याला काय? दूधवाल्याला दुधात पाणी किती घातलंस असं विचारून उपयोग नसतो. त्याच्यासमोर लॅक्टोमीटर काढायचा आणि तो कधी दचकतो ते पाहायचं. शिवाय बीकरमध्ये तयार होणारा गाळ आणि इलेक्ट्रोडच्या बुडाचा स्फटिक ही दोन्ही लँथनम फ्लोराइडच, म्हणजे दचकणारा आणि दचकवणारा एकाच घरातले.

पण मी टायट्रेशन करणार म्हटल्यावर आमच्या मॅडमनी विचारलं, "लँथनम नायट्रेटची शक्ती बरोबर आहे हे कशावरून?"

ऑडिटर गेले होते, पण प्रश्न ठेवून गेले होते.

लँथनम नायट्रेटला हवेतलं पाणी पिण्याची सवय असते, वजन करून त्यावर विसंबता येत नाही. तेव्हा त्याला जामीन हवा. जामीन कोण? ईडीटीए. ईडीटीएचं द्रावण बरोबर कशावरून? त्याला जामीन जस्ताचा शुद्ध धातू. जस्ताचं वजन बरोबर कशावरून? तराजूवरून. तराजू बरोबर कशावरून? वजनांच्या पेटीवरून. पेटी बरोबर कशावरून? तिच्या प्रमाणपत्रावरून. प्रमाणपत्राची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. जामीनदाराला जामीनदार, त्याला जामीनदार, आणि सगळ्यांत शेवटी एक पितळी पेटी, अशी ही सहकारी पतपेढी. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी प्लॅस्टिकच्या बीकरमध्ये ५० मिलिलिटर फ्लोराइडचं द्रावण घेऊन बसलो. प्लॅस्टिक अशासाठी की आम्लातलं फ्लोराइड काच खातं, आणि आमच्याकडे काचेची भांडी मोजकीच उरली आहेत.

टिसॅब इथे घालायचं नाही. त्यातलं सीडीटीए लँथनमलाच मिठी मारून बसेल. त्याऐवजी उडी स्पष्ट यावी म्हणून अल्कोहोल घालतात. अल्कोहोल आमच्याकडे कुलपात असतं, किल्ली माझ्याकडे, रजिस्टर मॅडमकडे. मी कपाट उघडलं तेव्हा मामा न बोलावता येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, ऑडिट एकदाचं संपलं.

हिशोबानं उडी ८.७७ मिलिलिटरला यायला हवी होती. मी ब्युरेट शून्यावर आणली. दर अर्ध्या मिलिलिटरला थांबायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, लिहायचा. आकडा स्थिर व्हायला लागणाऱ्या वेळात माणसाचं एक प्रकारचं अध्यात्म तयार होतं. मीटरवरचा शेवटचा अंक ४ वरून ५ वर जातो, परत ४ वर येतो. आपण श्वास रोखतो. तो ५ वर जातो. आपण पेन उचलतो. तो परत ४. शेजारच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजत राहतो.

१ मिलिलिटर. २. ३. आकडा सावकाश चढतोय. फ्लोराइड कमी होतंय, म्हणून चढतोय, उत्पन्नाचा दाखला आठवा. ५. ६. बीकरमधलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं. ६.२ ला एकाएकी आकडा २० मिलिव्होल्टनी उडाला.

मी उभाच राहिलो. हिशोबाच्या कितीतरी आधी! म्हणजे सोडियम फ्लोराइड जेमतेम सत्तर टक्के. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जे जे रिपोर्ट दिले ते सगळे चुकीचे. डोळ्यांपुढून गावंच्या गावं गेली. मॅडमनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहराही उतरला. तेवढ्यात आकडा, जसा उडाला होता तसाच, सावकाश खाली आला.

बाजूच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. मामांनी कूलर लावला होता.

इलेक्ट्रोड दचकला हे खरं, पण कूलरला दचकला. मोटर सुरू होताना तारेत जो झटका येतो तो त्याला सोसत नाही. कूलर बंद करवला. मामा त्या दिवशी माझ्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत, आणि मे महिन्यात कूलर बंद करायला लावणाऱ्या माणसाशी नागपुरात कोणीच बोलत नाही, त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही.

घाम पुसत पुढे गेलो. ८ नंतर ०.१ मिलिलिटरच्या पावलांनी. ८.३ ला ६ मिलिव्होल्ट चढला, ८.५ ला ९, ८.६ ला १३, ८.७ ला २०, ८.८ ला २२, आणि ८.९ ला पुन्हा ७. मग सगळं शांत. आलेखाच्या कागदावर बिंदू काढून जोडले तर वळणावळणानं येणारी आणि मध्येच कड्यासारखी उभी राहणारी ती रेघ बरोबर हिशोबाच्या जागी उभी होती. आणखी दोनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर एकमेकांच्या अर्ध्या टक्क्यात. सोडियम फ्लोराइड निर्दोष सुटलं. बाटलीवरच्या चहाच्या डागाभोवती मी पेन्सिलीनं 'तपासलं' असं लिहून सही केली.

हाच प्रयोग तुम्ही सरळ बोअरच्या पाण्यावर का करत नाही, असं मला एकदा एका वार्ताहरानं विचारलं होतं. कारण लिटरमागे १-२ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं की उडी उडीच राहत नाही, उचकी होते. टायट्रेशन हे भरपूर फ्लोराइड असलेल्या मालासाठी. पाण्यासाठी आपलं थेट वाचन, लोणचं आणि थर्मोकोल.

त्याच आठवड्यात, इलेक्ट्रोड खुशीत होता म्हणून, आम्ही टूथपेस्टही तपासून पाहिली. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. इलेक्ट्रोडला मात्र त्यातलं फारसं काही दिसेना. मॅडम म्हणाल्या, फसवलं. तसं नव्हतं. खडूची पूड असलेल्या पेस्टमध्ये साधं सोडियम फ्लोराइड घातलं तर खडूतलं कॅल्शियम ते लगेच गिळून बसतं, म्हणून त्याऐवजी सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात. त्यातलं फ्लोराइड फॉस्फेटला घट्ट बांधलेलं असतं, आम्लात तापवून सोडवावं लागतं. सोडवल्यावर सगळा हिशोब जुळला. माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहिली. इलेक्ट्रोडचे दात मी इतके दिवस याच पेस्टनं घासत होतो.

मग मामांचा चहा. चहाचं झाड जमिनीतून फ्लोराइड ओढून पानात साठवतं, जून पानात जास्त. हे पुस्तकात वाचलेलं होतं, करून पाहिलं नव्हतं. दूध न घातलेला कोरा चहा घेतला, टिसॅब घातलं, कारण चहाच्या पानात ॲल्युमिनियमही असतं, आणि आकडा पाहिला. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या बराच वर. मी गंभीर चेहऱ्यानं मामांना बोलावलं आणि सांगितलं, "मामा, तुमच्या चहात फ्लोराइड आहे."

"अन् साखर बराबर हाये का?"

साखर मोजायचा इलेक्ट्रोड आमच्याकडे नाही.

परवा एक गृहस्थ यवतमाळकडून आले. वय चाळिशीचं असेल. बोअर नवा मारला म्हणाले, पाणी भरपूर लागलं, गोड आहे, फक्त कागद हवा. बोलताना दात दिसले. आमच्या मामांच्या दातांवर खर्ऱ्याचे डाग आहेत, ते कडेनं आणि फटींमधून चढलेले आहेत. यांचे तसे नव्हते. दाताच्या मधोमध आडवे, पिवळसर तपकिरी पट्टे, दोन्ही बाजूंना सारखे. लहानपणी हिरडीच्या आत दात घडत असताना प्यायलेल्या पाण्यानं ते पडतात, आणि घासून जात नाहीत. त्या माणसाच्या लहानपणच्या पाण्याचा रिपोर्ट त्याच्या तोंडातच होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या तारखेचा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर आणि हातपंप झपाट्यानं आले. विहिरीच्या गढूळ पाण्यापेक्षा खडकाच्या पोटातलं नितळ पाणी बरं, असं सगळ्यांनाच वाटलं, आणि जंतूंच्या बाबतीत ते खरंही होतं.

नव्या बोअरचं पाणी दोनाच्या वर निघालं.

"उकळून पेलं तं?" त्यांनी विचारलं. उकळलं की पाणी उडून जातं, फ्लोराइड मागे राहतं, उलट घट्ट होतं. "मंग क्यांडलचा फिल्टर?" त्यानं गाळ अडतो, फ्लोराइड नाही. मी आरओ सांगितलं, तुरटी-चुन्याचं सांगितलं, पावसाचं पाणी साठवायचं सांगितलं, आणि जुन्या उथळ विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घरी तीन वर्साचा नातू हाये. त्याच्यासाठीच इचारून राह्यलो." म्हटलं, त्याच्यासाठी आजपासूनच दुसरं पाणी सुरू करा, त्याचे पक्के दात अजून घडताहेत. मामांनी न सांगता त्यांना चहा दिला. मी काही बोललो नाही.

ते पुढच्या आठवड्यात जुन्या विहिरीचं पाणी घेऊन येणार आहेत. तुम्हीही आणणार असाल तर एवढं करा. हातपंप असेल तर आधी पाच-सात मिनिटं चालवा, मग भरा. बाटली प्लॅस्टिकची घ्या, त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्या, गळ्यापर्यंत भरा आणि झाकण घट्ट लावा. वर गावाचं नाव, बोअर की विहीर, आणि तारीख लिहा. नुसतं 'आमचं पाणी' असं लिहिलेल्या अकरा बाटल्या या क्षणी आमच्या खिडकीत उभ्या आहेत. आणि हात जोडून विनंती, क्वार्टरच्या बाटलीत आणू नका. मॅडमना रजिस्टरमध्ये काय लिहावं ते समजत नाही, आणि मामा ती बाटली नमुना संपायच्या आधीच धुवून ठेवतात.